चपलेच्या आकाराचे फूल आणि मावा खाणारी माशी



गेल्या वर्षी हिवाळ्यात कागल तालुक्यातील एका गावात ऊस पिकाचा मेळावा होता. खोडवा व्यवस्थापनावर बोलून मी व्यासपीठावरून खाली उतरलो, तर एक वयस्क बागायतदार हातात कुंडी घेऊन उभे होते. कुंडीत चार-पाच जाड, पट्ट्यासारखी पाने आणि मधोमध एका दांड्यावर एकच फूल. पिवळसर हिरवे, त्यावर तपकिरी ठिपके, आणि पुढे लोंबणारी एक पिशवी. ‘सर, लेकीनं बेंगळूरच्या नर्सरीतनं आणून दिलंय. दोन वरसं झाली, दोनदा फुललं, पण शेंग काय धरत न्हाई. खत कमी पडतंय का?’

खत कमी पडत नव्हते. त्या फुलात शिरून ठराविक वाटेनेच बाहेर पडेल अशी माशी त्यांच्या सोप्यात ठेवलेल्या कुंडीवर आलेली नव्हती, एवढेच. मी त्यांना तसे सांगितले, पण उभ्या उभ्या दोन मिनिटांत सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. शिवाय ज्या माशीला हे फूल फसविते, तिचीच भावकी आपल्या ऊस, ज्वारी, मोहरी आणि करडईच्या रानात मावा खाण्याचे काम करीत असते. तेव्हा ऑर्किड लावण्याचा ज्यांचा कधी विचारही नाही, त्यांनीही हा लेख शेवटपर्यंत वाचावा.

फुलाची रचना

या फुलाला इंग्रजीत स्लीपर ऑर्किड म्हणतात. स्लीपर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर कोल्हापुरी येते, पण कोल्हापुरीत पाऊल पुढून मोकळे असते. हे फूल पुढून बंद असलेल्या सपातेसारखे दिसते. ऑर्किडच्या फुलाला बाहेरची तीन दले व आतील तीन पाकळ्या असतात. आतील तीनपैकी एका पाकळीला ओठ म्हणतात. स्लीपर ऑर्किडमध्ये हा ओठच फुगून त्याची पिशवी बनलेली असते. आपल्या भागात आंब्या-फणसाच्या फांद्यांवर वाढणारी सीतेची वेणी आपण पाहिली असेल. तीही ऑर्किडच, म्हणजे आमरीच्याच कुळातली. परंतु अशा बहुतेक ऑर्किडमध्ये काम करणारा पुंकेसर एकच असतो. स्लीपर ऑर्किडमध्ये ते दोन असतात, आणि तिसऱ्या पुंकेसराची चपटी ढाल होऊन ती पिशवीच्या तोंडाशी बसलेली असते. या ढालीत पराग नसतात. तिचे काम वेगळे आहे, ते पुढे येईल.

पिशवीच्या कडा आत वळलेल्या व गुळगुळीत असतात. ढालीवर किंवा कडेवर बसलेला कीटक घसरून आत पडतो. पिशवीत मध नसतो. आल्या वाटेने परत चढावे तर पाय ठरत नाहीत आणि पंख पसरायला जागा नाही. मात्र पिशवीच्या मागील बाजूस केसांची एक पट्टी वर गेलेली असते. त्या केसांना धरून कीटक शिडीसारखा वर चढतो. वर त्याला प्रथम स्त्रीकेसराच्या कुक्षीखालून वाकून जावे लागते, आणि त्यानंतर डाव्या किंवा उजव्या बाजूच्या अरुंद फटीतून अंग घासत बाहेर पडावे लागते. नेमके त्या फटीच्या तोंडाशी परागकोश असतो. तेथील चिकट पराग कीटकाच्या पाठीला मलमासारखे फासले जातात.

देवळातील दर्शनबारी आठवा. एकदा कठड्यांच्या आत शिरले की मागे फिरता येत नाही, आणि देवासमोरून गेल्याशिवाय बाहेरही पडता येत नाही. येथेही क्रम ठरलेला आहे, आधी कुक्षी आणि मग पराग. त्यामुळे या फुलाचे पराग याच फुलाच्या कुक्षीला लागत नाहीत. तोच कीटक दुसऱ्या फुलात फसला, तर मागच्या फुलाचे पराग त्या फुलाच्या कुक्षीला लागतात. परपरागीभवन घडवून आणणाऱ्या अनेक रचना आपण पाहतो, पण इतकी पक्की रचना क्वचितच आढळते.

ही वाट शोधून काढताना चार्ल्स डार्विनही प्रथम चुकला होता. ऑर्किडच्या परागीभवनावरील त्याचा ग्रंथ सन १८६२ मध्ये निघाला. कीटक बाहेरूनच सोंड घालून पराग नेत असावा, असे त्याला तेव्हा वाटत होते. अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे याने सुचविले की कीटक पिशवीत शिरत असावा आणि मागच्या फटीतून निघत असावा. डार्विनने मग स्वतः माश्या धरून पिशवीत सोडून पाहिल्या. त्या काही नीट बाहेर येईनात. शेवटी त्याने जमिनीत घर करणारी एक अगदी लहान मधमाशी आत टाकली. ती फटीतून बाहेर आली तेव्हा तिची पाठ परागांनी माखली होती. त्याने तीच मधमाशी पाच वेळा आत टाकली आणि पाचही वेळा हेच घडले. आपले आधीचे म्हणणे त्याने पुढे दुरुस्त करून छापले.

फूल कीटकाला फसविते कसे?

मध देत नाही, तर कीटक येतो कशाला? येथे एकेका जातीची एकेक लबाडी आहे. थंड प्रदेशातील आणि आपल्या हिमालयातीलही सिप्रिपेडियम नावाच्या स्लीपर ऑर्किडपैकी पुष्कळ जाती वासाने व रंगाने लहान मधमाश्यांना भुलवितात. चीनमधील एका जातीची तऱ्हा तर पीक संरक्षणाचे काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. तिच्या पानांवर काळपट ठिपके असतात. ते बुरशीजन्य करपा पडल्यासारखे दिसतात. पानांवरील बुरशी खाणाऱ्या बारीक माश्या तेथे चारा आहे असे समजून येतात आणि फुलात अडकतात. हे संशोधन सन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. रोगच नाही, नुसते रोगाचे सोंग!

कुंडीतील ते फूल पॅफिओपेडिलम या वर्गातील होते. भारतात ईशान्येकडील डोंगराळ राज्यांत आणि तेथून पूर्वेला थायलंड, इंडोनेशियापर्यंत हे ऑर्किड रानटी अवस्थेत वाढतात. यांतील पुष्कळ जातींचे परागीभवन सिरफिड माशी करते. सिरफिडची मादी अंडी घालण्यासाठी मावा पडलेली जागा शोधते, कारण तिच्या अळ्यांचे अन्न म्हणजे मावा. अनेक पॅफिओपेडिलमच्या पाकळ्यांवर, ढालीवर किंवा पिशवीच्या कडेला काळसर ठिपके, चामखिळीसारखे उंचवटे आणि केस असतात. माशीला ती माव्याची वसाहत वाटते. ती जवळ येते, ढालीवर उतरते, पाय घसरतो आणि ती पिशवीत पडते. पुढची वाट आपण पाहिलीच.

बोर्निओ बेटावरील किनाबालू पर्वतावर सन १९८५ मध्ये ऍटवुड या संशोधकाने प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणात तर सिरफिडने एका जातीच्या फुलाच्या ढालीवर खरोखर अंडी घातलेली आढळली. तेथे मावा नव्हताच. त्या अंड्यांतून निघणाऱ्या अळ्यांना खायला काही नव्हते. त्या माशीचे नाव डिडिओप्सिस इग्रोटा. ही माशी भारतातही सर्वदूर आढळते.

अशा लबाडीत फुलाचाही तोटा असतो. माशी एक-दोनदा फसते, पुन्हा सहजासहजी येत नाही. म्हणून मध न देणाऱ्या ऑर्किडमध्ये पुष्कळ फुलांपैकी थोड्याच फुलांना शेंगा धरतात. पण धरलेल्या एका शेंगेत हजारो बिया असतात, त्यावर त्यांचे भागते. आपल्या सूर्यफुलाचा किंवा बीजोत्पादनाच्या कांद्याचा व्यवहार रोखीचा आहे. मध द्यायचा आणि काम करून घ्यायचे. त्यामुळे तेथे मधमाशी दिवसभर येत राहते.

हीच माशी आपल्या उसात

आता आपल्या रानाकडे येऊ. सन २००२ च्या पावसाळ्यात सांगली भागात उसावर लोकरी मावा दिसला आणि पाहता पाहता कृष्णा, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा या सर्व खोऱ्यांत पसरला. पानाच्या खालच्या बाजूस पांढरी लोकर, तिच्यातून खालच्या पानांवर गळणारा चिकट गोड स्राव आणि त्यावर वाढणारी काळी काजळी, हे चित्र आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. मी तेव्हा सातवीत होतो. आमचा आडसाली ऊस डोक्याच्या वर गेलेला. वडील आणि तात्या पाठीवर पंप घेऊन बांधाकडेच्या चार सऱ्या भिजवायचे, कारण आत शिरणेच शक्य नव्हते. एक दिवस पान उलटून पाहताना मला लोकरीत चार-पाच हिरवट-करड्या, बिनपायाच्या अळ्या दिसल्या. मी तात्यांना दाखविल्या. ‘मावा कमी पडला म्हणून आता अळीबी आली,’ असे म्हणून तात्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक फवारा मारला.

ती सिरफिडची अळी होती. हे मला कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्राच्या प्रात्यक्षिकात काचेच्या डबीत तीच अळी ठेवलेली पाहिली तेव्हा कळले. घरी जाऊन तात्यांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘म्हंजे राखणदारच मारला आपण.’

लोकरी मावा आटोक्यात आणण्यात मोठा वाटा कोनोबाथ्रा आणि मायक्रोमस या दोन मित्रकिडींचा होता, हे येथे सांगितले पाहिजे. सिरफिड त्यांच्या जोडीला होती. परंतु ज्वारी, मोहरी, करडई, चवळी, कोबी यांवरील साध्या माव्यावर सिरफिडचे काम फार मोठे आहे, आणि तिच्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. ती आपण होऊन येते. अडचण एकच, तिची अळी ओळखू येत नाही आणि शत्रू समजून मारली जाते.

म्हणून ओळख नीट करून घ्या. प्रौढ माशी दिसायला लहान मधमाशी किंवा गांधीलमाशीसारखी, पोटावर पिवळे-काळे पट्टे असलेली असते. पण ती फुलासमोर हवेत एकाच जागी थांबते आणि एकदम बाजूला सरकते. तिला पंखांची एकच जोडी असते आणि नांगी मुळीच नसते. हातावर बसली तरी घाबरू नये. अंडे तांदळाच्या कणीहून बारीक, पांढरे व लांबट असते आणि माव्याच्या वसाहतीत किंवा लगत सुटे सुटे घातलेले दिसते. दोन-तीन दिवसांत त्यातून अळी निघते.

अळीला पाय नसतात, आणि इतर अळ्यांना असते तसे कठीण डोकेही नसते. शरीर पुढे निमुळते व मागे रुंद, काहीसे जळूसारखे असते. रंग हिरवा, करडा किंवा तपकिरी. ती पुढचे टोक डावीकडे-उजवीकडे फिरवीत चाचपडते, कारण तिला डोळे नसतात. मावा लागला की त्याला उचलून धरते, आतील रस शोषते आणि रिकामे कातडे टाकून देते. एक अळी आपल्या वाढीच्या काळात माव्याचा शेकड्यांनी फडशा पाडते. पुष्कळ जातींच्या अळ्या रात्री जास्त काम करतात. म्हणून दिवसा अळी दिसली नाही तरी पानावर डांबरासारखे काळे तेलकट ओघळ आणि माव्याची वाळलेली कातडी दिसली, तर ती तेथे आहे असे समजावे. कोषही पानालाच चिकटलेला, पाण्याच्या थेंबाच्या आकाराचा असतो. पाने खाणारी अळी पानाला भोके पाडते. सिरफिडची अळी पानाला तोंडही लावत नाही. शंका आली तर एवढी एक गोष्ट पाहिली तरी पुरे.

माव्यासाठी पंप उचलण्यापूर्वी प्लॉटच्या वेगवेगळ्या भागांतील पाने उलटून पाहावीत. माव्याच्या बऱ्याच वसाहतींत अशा अळ्या, कोष किंवा इतर मित्रकिडी आढळत असतील तर पाच-सात दिवस थांबून पुन्हा पाहावे. बहुतेक वेळा तोपर्यंत मावा उतरणीला लागलेला दिसतो. मावा वाढतच असेल, तर जेथे प्रादुर्भाव आहे तेवढ्याच भागात, विद्यापीठाने त्या पिकासाठी शिफारस केलेले औषध शिफारशीच्याच प्रमाणात वापरावे. संपूर्ण प्लॉटवर सरसकट फवारा मारू नये. पीक फुलात असेल तर सकाळच्या वेळी फवारणी टाळावी, कारण तेव्हा माश्या व मधमाश्या फुलांवर असतात. आणि ‘शेजाऱ्याने मारले म्हणून’ मारू नये. हे शेवटचे सांगणे सोपे आणि पाळणे अवघड, याची मला कल्पना आहे. आमच्या घरातही ते लगेच पाळले गेले नाही.

आणखी एक गोष्ट. मावा खाते ती अळी. प्रौढ माशी मध आणि पराग खाते, आणि परागांशिवाय मादीच्या अंड्यांची वाढ होत नाही. मैलभर नुसता ऊसच ऊस असेल तर तिने खायचे काय? आपल्याकडे उसाच्या लावणीत कोथिंबीर, मेथी ही आंतरपिके घेतातच. त्यातील बांधाकडची एखादी सरी कोथिंबीर न उपटता फुलावर येऊ द्यावी. कोथिंबीर, बडीशेप, मोहरी यांची फुले उघडी व उथळ असतात. सिरफिडची सोंड आखूड असल्याने तिला ती सोयीची पडतात. धणे मिळतील ते वेगळेच.

आपल्याकडील फसवी फुले

कीटकाला कोंडून काम करवून घेणारे फूल पाहायला बोर्निओला जायला नको. सुरणाचा जुना कंद फुलला की परसात मेलेल्या उंदरासारखी दुर्गंधी सुटते. त्या वासाने घाणीवरचे भुंगेरे व माश्या येतात. फुलोऱ्याच्या तळाशी असलेली मादी फुले आधी तयार होतात आणि वरच्या नर फुलांतील पराग नंतर सुटतात. येथेही आधी कुक्षी, मग पराग हाच क्रम आहे.

सह्याद्रीच्या गवताळ उतारांवर पावसाळ्यात उगवणारी खर्चुडी, म्हणजेच कंदीलफूल, याहून नाजूक आहे. फूल उभ्या कंदिलासारखे, खाली फुगीर आणि वर अरुंद नळी. नळीतील केस आत वळलेले असतात. त्यामुळे बारीक माशी आत जाते पण बाहेर येऊ शकत नाही. काही काळाने केस कोमेजतात आणि माशी परागांचे पुंजके घेऊन सुटते. यांच्या पुष्कळ जाती सह्याद्रीबाहेर जगात कोठेही नाहीत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील वनस्पतिशास्त्र विभागाने आपल्या उद्यानात त्यांपैकी अनेक जाती जतन केल्या आहेत. गुराखी मुले याचे कंद उकरून खातात. पडीक माळावर नांगर घालण्यापूर्वी पावसाळ्यात एकदा तेथे काय उगवते ते पाहून घ्यावे, असे मला वाटते.

ऑर्किड लावू इच्छिणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रातील सह्याद्रीत स्लीपर ऑर्किड निसर्गतः उगवत नाही. दक्षिण भारतात त्याची एकच रानटी जात आहे. पॅफिओपेडिलम ड्रुरी ही पिवळ्या फुलांची जात केरळ-तमिळनाडूच्या सीमेवरील अगस्त्यमलाई डोंगरात सापडते. व्यापारासाठी कंद-मुळांसकट उपटून नेल्याने ती जवळजवळ संपली. केरळमधील पालोड येथील वनस्पती उद्यानात ऊतीसंवर्धनाने तिची रोपे वाढविण्याचे प्रयत्न झाले आहेत. पॅफिओपेडिलमच्या रानटी जातींना वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिले आहे आणि परदेशी व्यापारावरही कडक बंधने आहेत. म्हणून रानातून आणलेले रोप स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. रोपवाटिकेत तयार झालेलेच रोप, पावती व मूळ कोठले याची माहिती घेऊन घ्यावे. व्यवसाय म्हणून लागवड करायची असेल तर आधी वन विभागाकडे परवान्याची चौकशी करावी.

फुलासाठी ऑर्किड लावणाऱ्याला शेंग धरत नाही याची चिंता करण्याचे कारण नाही, उलट ते फायद्याचे आहे. परागीभवन न झालेले फूल कित्येक आठवडे टवटवीत राहते. परागीभवन झाले की फुलाचे काम संपते आणि ते लवकर मान टाकते.

हे सर्व त्या बागायतदारांना सांगितले, तरी त्यांना शेंग हवीच होती. मग तेथेच, मेळाव्याच्या मांडवात, आम्ही ते काम केले. पिशवी अलगद कापून काढली. ढालीच्या मागे दोन्ही बाजूंस असलेला चिकट पिवळसर पराग काडीच्या टोकावर घेतला आणि ढालीच्या खाली असलेल्या कुक्षीवर चोळला. एकच फूल असल्याने स्वपरागीभवनच करावे लागले. दोन झाडे असती तर एकाचा पराग दुसऱ्यावर लावला असता. चार-पाच जण वाकून पाहत होते. फूल तोडले म्हणून एक बाई नाराज झाल्या.

शेंग धरली. ती पिकायला कित्येक महिने लागतात. गणपतीच्या सुमारास त्यांचा फोन आला, ‘सर, शेंग उकलली. पण आत बी न्हाई, नुसती धूळ हाय.’ ती धूळ म्हणजेच बी. ऑर्किडच्या बियांत अंकुराला पुरेल इतका अन्नसाठा नसतो. रानात विशिष्ट बुरशीच्या मदतीनेच ते रुजते. सन १९२२ मध्ये अमेरिकेतील नडसन या शास्त्रज्ञाने साखर व क्षार घातलेल्या निर्जंतुक माध्यमावर बुरशीशिवाय ऑर्किडचे बी रुजवून दाखविले, तेव्हापासून रोपे प्रयोगशाळेत करता येऊ लागली. त्यासाठी शेंग उकलण्यापूर्वी, हिरवी असतानाच द्यावी लागते. पुढच्या खेपेला तशी द्या, मी त्यांना म्हणालो. या खेपेची धूळ त्यांनी कुंडीजवळच्या फणसाच्या बुंध्यावर झटकून टाकली होती.